मुल्कोवाल प्रकरण आणि डॉ. हाफकीन यांची गच्छंती

परळ येथील हाफकीन इन्स्टिट्यूट हें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ज्या गृहस्थाचें नांव त्या संस्थेस १९२५ सालीं देण्यांत आलें, त्यासच पूर्वीं त्या संस्थेच्या मुख्य पदावरून दूर व्हावें लागलें होतें, ही गोष्ट तितकी परिचित नाहीं. कारण काय, तर एका बाटलींतील दोष. तो दोष कोणाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग आल्याचें डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं सप्टेंबर १८९६ मध्यें ओळखलें. पुढें ही सांथ लोहमार्गाच्या वाटेनें दक्खनेंत शिरली, व १८६० पासून जी. आय. पी. रेल्वेनें जोडलेलें आमचें सोलापूरही तींत सांपडलें. सक्तीची तपासणी, घरें रिकामीं करविणें, आणि पुण्यास २२ जून १८९७ रोजीं झालेला रँडचा वध, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. ह्या सक्तीहून निराळा असा एकच उपाय तेव्हां पुढें आला. तो म्हणजे लस.

वाल्डेमार हाफकीन हे ओडेसा येथें १८६० सालीं जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ. पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें पटकीची लस सिद्ध करून ते १८९३ सालीं कलकत्त्यास उतरले. प्लेगवरील लस तयार होतांच १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. १० ऑगस्ट १८९९ रोजीं परळच्या जुन्या लाटवाड्यांत त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकीन हे वैद्यकाचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. सरकारी डॉक्टरांच्या कंपूंत हें शल्य होतेंच, आणि पुढील प्रकरणांत त्याचा कांहींच संबंध नव्हता असें म्हणणें मला धाडसाचें वाटतें.

१९०२ सालीं पंजाब सरकारनें मोठ्या प्रमाणावर टोचणी आरंभिली व परळकडे लशीची मागणी एकाएकीं वाढली. ती भागविण्यासाठीं हाफकीन यांनीं कृति थोडी बदलली; लशींत कार्बोलिक अ‍ॅसिड घालण्याचें सोडून केवळ उष्णतेनें ती निर्जंतुक करण्याची रीत स्वीकारली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ लोकांस टोचणी झाली. त्यांपैकीं १९ जणांस सुमारें आठवड्यानें धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. ह्या एकोणिसांस ५३-एन ह्या एकाच बाटलींतील लस दिलेली होती. बाकीच्या ८८ जणांस दुसऱ्या बाटल्यांतील लस मिळाली होती व त्यांस कांहीं झालें नाहीं.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स ह्यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. बाटली परळ येथेंच दूषित झाली असा त्याचा कौल पडला, व कार्बोलिक वगळल्याबद्दल हाफकीन यांजवर ठपका आला. ते कामावरून दूर झाले, वेतन थांबलें, आणि १९०४ सालीं ते इंग्लंडास गेले.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस हा प्रश्न ओळखीचा वाटावा. अशुद्ध पाठ मूळ प्रतींतच होता, कीं एका नकलकाराच्या हातून शिरला? एकाच मूळापासून निघालेल्या इतर प्रती शुद्ध असतील, तर संशय नकलकाराकडे जातो. मूळावर दोष ठेवणाऱ्यानें आधीं ह्या प्रतींचा उलगडा केला पाहिजे. आतां तारखा पाहूं. बाटली १९ सप्टेंबर रोजीं भरली, ३० ऑक्टोबर रोजीं उघडली. मध्यें ४१ दिवस गेले. धनुर्वाताचे जंतु इतके दिवस बाटलींत वाढले असते, तर द्रवास दुर्गंधि सुटली असती, व सांचलेल्या विषाचा परिणाम आठवडाभर वाट न पाहतां लवकर दिसला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरास दुर्गंधि आली नव्हती. उलट, बूच काढण्याच्या वेळीं मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, व तो नीट निर्जंतुक न करतां कार्बोलिकांत केवळ बुडवून पुन्हा वापरला, अशी साक्ष कमिशनापुढें झाली होती. धनुर्वाताचे जंतु मातींतच असतात, हें येथें ध्यानांत घ्यावें.

साक्षीचे कागद लोकांसमोर येण्यास १९०६ साल उजाडलें. हा विलंब ह्या प्रकरणांतील सर्वांत मोठा अन्याय होय असें माझें मत आहे. पद गेलेल्या माणसास आपल्याविरुद्धचा पुरावा जगापुढें तपासून घेण्यास चार वर्षें थांबावें लागलें. कागद प्रसिद्ध होतांच मलेरियाच्या शोधाबद्दल १९०२ चें नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस ह्यांनीं १९०७ त लंडनच्या 'टाइम्स' पत्रांतून हा विषय हातीं घेतला, व त्याच वर्षींच्या २९ जुलैस दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सहीचें पत्र तेथें छापून आलें. दोष परळचा असल्याचें सिद्ध होत नाहीं, असा त्याचा आशय होता. फ्रान्समधील ड्रायफस खटल्याची आठवण ताजी होती. यहुदी अधिकाऱ्यावर आलेला आळ म्हणून ह्यास लोक 'लहान ड्रायफस प्रकरण' म्हणूं लागले.

तथापि एक गोष्ट हाफकीन यांच्या पक्षकारांनींही मान्य करावी. जुन्या रीतींत कार्बोलिक अ‍ॅसिड होतें, आणि बाटली उघडल्यावर शिरलेल्या जंतूंसही त्यानें कांहींसा अटकाव झाला असता. खेड्यांतील चावडीपुढें, धुळींत, शेंकडों लोकांस टोचणारा मनुष्य परळच्या टेबलापाशीं बसलेला नसतो. कृति बदलतांना त्याचा विचार व्हावयास हवा होता. परंतु ही उणीव निराळी, आणि दूषित लस पाठविल्याचा आरोप निराळा. कमिशननें ह्या दोहोंची गल्लत केली. शिवाय चिमटा पडला तो एका साध्या मदतनिसाच्या हातून. त्याचा हात घाईंत होता ती घाई वरून आलेली होती, हेंही विसरतां येत नाहीं.

१९०७ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारनें हाफकीन यांस पुन्हा नोकरीवर घेतलें. पण परळची जागा त्यांस परत मिळाली नाहीं. नेमणूक कलकत्त्यास झाली, आणि तेथें लशीचे प्रयोग करण्याची मुभा त्यांस नव्हती. १९१४ सालीं ते निवृत्त होऊन युरोपांत गेले, व २६ ऑक्टोबर १९३० रोजीं लोझान येथें वारले.