मलमाच्या डबीत काय काय होतं



गेल्या थंडीत सासूबाईंच्या पायांची दशा बघवत नव्हती. नडगीपासून टाचेपर्यंत कातडी उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारखी तडकलेली. रात्री झोपेत खाजवायच्या आणि सकाळी पातळाला रक्ताचे ठिपके दिसायचे. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. सासूबाईंनी ट्यूब माझ्या हातात ठेवली, "अगं, यात काय आहे ते आधी वाच."

बारीक अक्षरं वाचली. लॅनोलिन आणि बीजवॅक्स. म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी आणि मधमाशांचं मेण. ट्यूब थेट कपाटात गेली. अष्टमूलगुणांत मद्य-मांसाच्या जोडीला मधु आहे आणि सासूबाईंनी मधाचा त्याग लग्नाआधीच केलेला. "आई, हे पोटात कुठे जातंय?" असं म्हणून बघितलं. "पोळं तर तेच ना!" संपलं.

मग मीच हट्टाला पेटले. या डबीत प्राणी शिरला कधी, हे शोधत बसले.

शिरायला तो बाहेर होताच कधी? दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा ग्रीक वैद्य होता. मेण वितळवून त्यात तेल आणि गुलाबपाणी घोटायचं, अशी त्याच्या नावाने चालत आलेली कृती. लावलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि गार वाटतं, म्हणून पुढे नाव पडलं कोल्ड क्रीम. आपल्या आईच्या टेबलावरच्या डबीचा हा मूळपुरुष. नंतर युरोपात मेणाच्या सोबतीला स्पर्मासेटी आलं. हा स्पर्म व्हेलच्या डोक्यातून काढलेला पांढरा मेणचट पदार्थ. एकोणिसाव्या शतकातल्या औषधकोशांत गुलाबपाण्याच्या मलमात तो सर्रास सापडतो. बायकांचे गाल मऊ राहावेत म्हणून एवढा मोठा पंचेंद्रिय जीव! हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसते कान धरले.

मेंढीची पाळी १८८२ मध्ये आली. लोकर धुताना निघणारी चरबी शुद्ध करून लीब्राइख आणि ब्राउन या जर्मन संशोधकांनी लॅनोलिन तयार केलं. त्यापासून निघालेल्या युसेरिटमुळे तेल आणि पाणी एकजीव टिकू लागलं आणि १९११ मध्ये हॅम्बर्गला निव्हिया क्रीम जन्मलं. कलकत्त्यात १९२९ साली स्वदेशीच्या भरात निघालेल्या बोरोलीनमध्येही लॅनोलिन आहे. लॅनोलिनसाठी मेंढी मारावी लागत नाही हे खरं; पण सगळी लोकर जिवंत मेंढीची नसते, कत्तलखान्यातल्या कातड्यांवरूनही ती काढतात. डबीवर तेवढं कुणी लिहीत नाही.

"मग व्हॅसलीन चालेल," मी खुशीत म्हणाले. त्याची गोष्टच मजेशीर. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनज्ञ पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर गेला. पंपाच्या दांड्यांना चिकटणारं काळं मेण कामगार वैतागून खरवडत, पण भाजलं-कापलं की तेच लावत. त्याने ते स्वच्छ केलं आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. खनिज तेल, ना माशी ना मेंढी. पण पेटंट वाचलं आणि कपाळावर हात मारला. ते गाळायचं होतं हाडांच्या कोळशातून! साखरेबद्दल आपण जे विचारत आलो, तेच इथेही. आता हायड्रोजनची प्रक्रिया किंवा खास मातीतून गाळणं यावर काम भागतं, पण सासूबाईंच्या मनातून ते उतरलं ते उतरलंच.

तूप सुचलं नाही असं नाही. शंभर वेळा पाण्याने धुतलेलं शतधौत घृत आयुर्वेदात दाहावर सांगितलंय. पण शंभर वेळा पाणी ओतायचं म्हटल्यावर अपकायिक जीवांचा हिशेब कोण देणार?

उत्तर कोकणातून आलं. तिकडच्या नणंदेने कोकमतेलाचा गोळा पाठवला. कोकमाच्या बियांची पूड पाण्यात उकळायची, वर आलेली चरबी काढून मुठीत दाबायची, म्हणून याला मुठेलही म्हणतात. भेगांवर लावायची तिकडची जुनी रीत. तरी सासूबाई अडल्या, "या वयात हा शृंगार कशाला?" मी म्हटलं, "विहार करून आलेल्या महाराजांच्या पायांना वैयावृत्त्यात तेल लावतोच ना?" त्यावर गप्प बसल्या.

डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, भेगांत पू नसेल तर चालेल, पण रोज लावा. वय झालं की कातडीतलं तेल कमी होतं, कढत पाणी आणि साबण उरलंसुरलं धुऊन नेतात, वरच्या थरात फटी पडतात आणि आतलं पाणी उडून जातं. स्निग्ध पदार्थ त्या फटी बुजवतो. म्हणून आंघोळीनंतर पाय घासून कोरडे करायचे नाहीत, नुसते टिपायचे आणि ओलसर असतानाच लावायचं. पाणी कोमट, साबण फक्त गरजेपुरता. कोकमतेल घट्ट असतं. तळहातावर चोळलं की विरघळतं.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांत फार महत्त्वाची. मलम कपड्यात मुरलं की कापड भराभर पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये हा इशारा दिला. आधी पॅराफिनच्या मलमांपुरती समजली जाणारी ही गोष्ट त्यांनी इतरांनाही लागू केली. आरतीला बसताना पदर आणि पातळाची किनार सांभाळा. सासूबाई आता तेल लावल्यावर पातळ बदलूनच देवापुढे बसतात.

तीन आठवड्यांत रक्त थांबलं. टाचा अजून खरखरीत आहेत. ती ट्यूब मी शेजारच्या काकूंना देऊन टाकली, त्यांना मधाचं वावडं नाही.