किशोरांच्या हाती कोणते पुस्तक?

'आमच्या मुलामुलींनी काय वाचावे?' हा प्रश्न पालक धर्मगुरूला हमखास विचारतात. बारा ते अठरा हे वय मोठे विलक्षण असते. परीकथा मागे पडलेल्या असतात आणि प्रौढांचे ग्रंथ अद्याप पेलत नाहीत. या मधल्या वयासाठी मराठीत काय लिहिले गेले आणि वडीलधाऱ्यांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा इतिहास डोळ्यांखालून घातला, तर उत्तर शोधणे सोपे जाईल.

आरंभ आपल्याच घरातून करू. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. गोव्यातील नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची गोडी होती. जुनी पुराणे बंद झाली, मग आमच्यासाठी तसे दुसरे काही का नसावे, अशी त्यांची मागणी ग्रंथाच्या आरंभीच नोंदलेली आहे. फादर स्टीफन्स यांनी ती गोडी दोषास्पद मानली नाही. लोकांना प्रिय असलेला ओवीबद्ध पुराणाचा साचाच त्यांनी शुभवर्तमानासाठी स्वीकारला. वाचकाची आवड ओळखून त्याला सकस अन्न द्यावे, हा धडा आपल्याला चार शतकांपूर्वीच मिळाला आहे.

मुलांसाठी छापील मराठी पुस्तके पुढे दोनशे वर्षांनी आली. तंजावर येथे सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ साली इसापाच्या कथा 'बालबोधमुक्तावली' या नावाने प्रसिद्ध झाल्या. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ सालचे. ही पुस्तके मुख्यतः बोधासाठी होती. मुलाला काय वाटते यापेक्षा त्याने कसे वागावे, याकडे त्यांचे लक्ष होते. १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या दुःखाला वाचा फोडली; मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा गौरव होतो. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ साली आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ साली सुरू झाले, आणि घरी मुलांच्या नावाने अंक येऊ लागला.

खरा पालट केला तो साने गुरुजींनी. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. बोध येथेही आहे, परंतु तो चुका करणाऱ्या, रुसणाऱ्या, रडणाऱ्या मुलाच्या तोंडून येतो. वाचणाऱ्या मुलाला श्याम आपला वाटला आणि उपदेश आपोआप अंतःकरणात उतरला.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहू लागला. वसईजवळच्या अर्नाळा गावावरून टोपणनाव घेणारे बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी वाचनालयांत झुंबड उडे. प्रतिष्ठित समीक्षेने त्यांना दाराबाहेर ठेवले. घरोघरी ही पुस्तके पाठ्यपुस्तकात दडवून वाचली गेली. तथापि अनेकांना वाचनाची चटक त्यांनीच लावली, हे नाकारता येत नाही. पुढे भा. रा. भागवत यांनी साहसाची ही ओढ ध्यानी घेऊन किशोरांसाठी निर्मळ साहसकथा निर्माण केली. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच 'फास्टर फेणे', हा काडीपैलवान पोरगा जिभेने 'टॉक्' करीत गुन्हेगारांच्या मागे सायकल दामटतो. तो बलदंड नाही. धीट आणि प्रामाणिक आहे. विज्ञानाच्या क्षेत्रात हेच कार्य जयंत नारळीकर यांनी केले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा धाडली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली.

अशा लोकप्रिय पुस्तकांविषयी ख्रिस्तसभेची भूमिका काय? निषिद्ध ग्रंथांची यादी १५५९ पासून होती, ती १९६६ साली बंधनकारक राहिली नाही. मनाईपेक्षा विवेकाला अधिक महत्त्व आले. वस्तुतः त्या विवेकाचे मूळ फार जुने आहे. १५२१ साली पायाला तोफगोळा लागून अंथरुणाला खिळलेल्या इग्नाती लोयोला यांनी वेळ घालविण्यासाठी शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या होत्या. त्या घरात नव्हत्या. म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली. सरदारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्यांना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांच्या विचाराने आलेला आनंद मात्र मागाहूनही टिके. या निरीक्षणातूनच त्यांची आत्मपरीक्षणाची पद्धती जन्मास आली. पुस्तक मिटल्यावर मनात काय उरते, हीच त्याची खरी कसोटी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्याच्या महत्त्वावर एक पत्र लिहिले. १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनातील सान्ता फे येथे ते साहित्य शिकवीत असत. मुलांना नेमलेले जुने महाकाव्य नको होते. त्यांना लोर्का हवा होता. तेव्हा महाकाव्य घरी वाचावे आणि वर्गात मुलांच्या आवडीच्या लेखकांवर बोलावे, अशी तोड त्यांनी काढली. पालकांनी ही युक्ती अवश्य अवलंबावी.

आपल्या मराठवाड्यात मात्र प्रश्न केवळ निवडीचा नाही. अंबाजोगाई ही मुकुंदराज आणि दासोपंत यांची भूमी. परंतु निजामाच्या राजवटीत उर्दूचे वर्चस्व होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मुक्त झालेल्या प्रदेशात शाळा आणि ग्रंथालये हळूहळू उभी राहिली. १९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईस भरले, त्याचे अध्यक्ष 'बनगरवाडी'कार व्यंकटेश माडगूळकर होते. शेजारच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवात, जानेवारी २०२० च्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. हा सन्मान लाभलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू.

तरीही दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील गावे ओस पडतात. उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्याकडे निघतो. काही मुले फडाजवळच्या कोपीत राहतात, काही गावी आजी-आजोबांपाशी. शाळा सुटते ती याच किशोरवयात. अशा मुलाच्या हाती पुस्तक असणे ही चैन नव्हे. अक्षरांशी जडलेला संबंध तुटू न देणारा तो दोर आहे.

म्हणूनच प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' (१९९४) मला आपल्या मुलांसाठी फार मोलाचे वाटते. भूगर्भशास्त्राच्या या प्राध्यापकाने उभा केलेला लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. प्रेमाची उणीव नाही, तरी आईच्या आठवणीने जीव कासावीस होतो. त्याचे गाव बेळगाव परिसरातले, भाषा कानडी वळणाची. पण आजीच्या कुशीत आईवडिलांची वाट पाहणारे आपल्याकडील लेकरू त्याला लगेच ओळखेल. आपले दुःख कोणी तरी लिहून ठेवले आहे, हे कळले की ते हलके होते. 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही पुढची पुस्तके लंपनबरोबर मोठी होत जातात.

तेव्हा पालकांनी पायरीपायरीने जावे. प्रारंभी 'किशोर' मासिक आणि फास्टर फेणे. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते व अल्प किमतीत मिळते. त्यानंतर 'श्यामची आई' आणि नारळीकरांच्या विज्ञानकथा. चौदाव्या-पंधराव्या वर्षी 'वनवास' आणि 'बनगरवाडी'. सोळाव्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. एका ख्रिस्ती घराची इतकी निखळ, हसरी आणि प्रांजळ कहाणी मराठीत दुसरी नाही. एखाद्याने रहस्यकथा मागितली, तर ती हिसकावून घेऊ नये. ती वाचून काय वाटले, एवढे विचारावे आणि शेजारी दुसरे पुस्तक ठेवावे.

धर्मग्रामात एक लहान कपाट पुरेसे आहे. मात्र टोळ्या निघण्यापूर्वी त्यातील पुस्तके मुलांच्या पिशवीत पडली पाहिजेत, आणि उन्हाळ्यात ती परत आली, की प्रत्येकाला त्याची गोष्ट सांगायला बसवले पाहिजे. पाने मळतील, काही फाटतील. मळलेले पुस्तक वाचले गेले आहे, याहून चांगली खूण कोणती?