पोवळ्यांची तटबंदी

सन १७७० च्या जून महिन्याची ११ वी तारीख. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळून कॅप्टन जेम्स कुक याचें 'एन्डेव्हर' जहाज चांदण्या रात्रीं संथपणें चाललें होतें. अकराच्या सुमारास तें एकाएकीं पाण्याखालच्या खडकावर आदळून रुतून बसलें. तोफा, पिंपें आणि तळचें वजन समुद्रांत फेकून दिल्यावर, जवळजवळ एका दिवसानें, भरतीच्या पाण्यावर तें कसेंबसें सुटलें. पुढें दुरुस्तीच्या वेळीं असें आढळलें कीं, ज्या खडकानें तळाला भोंक पाडलें त्याचाच एक तुकडा त्या भोंकांत घट्ट बसला होता. म्हणूनच जहाज तरलें. किनाऱ्यावरील आदिवासींना हा सागरप्रदेश हजारों वर्षें परिचित होता. युरोपला मात्र त्याची ओळख अशी ठेच लागून झाली.

ही ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे महाप्रवाळभित्ति. सुमारें २,३०० किलोमीटर लांबीची ही तटबंदी कोणा राजानें बांधलेली नाहीं. फुलासारखा मऊ, बहुधा नखाहूनही लहान असा प्रवाळजीव समुद्रांतील चुना घेऊन आपल्या पायाखालीं घर बांधतो. तो मेल्यावर त्याच्या घरावर दुसरा बांधतो. या जिवाच्या देहांत एक सूक्ष्म शेवाळ बिऱ्हाड करून असतें. मालकानें आसरा द्यावा आणि बिऱ्हाडकरूनें सूर्यप्रकाशांत तयार केलेली साखर भाड्यादाखल द्यावी, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच हीं पोवळीं स्वच्छ, उथळ आणि उबदार पाण्यांत जोमानें वाढतात. त्यांच्या कपारींत मासे, खेकडे, शिंपले असा अफाट संसार नांदतो, आणि लाटांचा जोर भिंतीवरच मोडल्यामुळें मागचा किनाराही सुरक्षित राहतो.

शास्त्रज्ञांना या बांधकामाचें कोडें फार दिवस उलगडलें नव्हतें. चार्ल्स डार्विन यानें १८४२ सालीं असें प्रतिपादिलें कीं, ज्वालामुखीचें बेट हळूहळू खचत जातें आणि त्याभोंवतींचीं पोवळीं प्रकाशासाठीं वर वर वाढत राहतात. अखेरीस बेट बुडतें आणि कंकणाकृति भिंत उरते. पॅसिफिक महासागरांतील एनिवेटोक येथें १९५२ सालीं भोंक पाडतां १,२०० मीटरांहून अधिक खोलीवर ज्वालामुखीचा खडक लागला, आणि त्या कल्पनेला भक्कम पुरावा मिळाला.

१९२८-२९ सालीं मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखालीं ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी लो आइल्स या बेटांवर वर्षभर राहिली. त्यांच्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, पाणी फाजील तापलें म्हणजे पोवळीं आपल्या देहांतील शेवाळ बाहेर टाकतात. त्या वेळीं ही केवळ प्रयोगशाळेंतील नोंद होती.

१९६७ सालीं निराळेंच संकट उभें राहिलें. एलिसन रीफ नांवाच्या भागांतून चुनखडी काढून ती उसाच्या शेतीला वापरण्याची परवानगी मागण्यांत आली. ही भित्ति मेलेलीच आहे, असा अर्जदाराचा युक्तिवाद होता. कवयित्री जुडिथ राइट, चित्रकार जॉन ब्युस्ट आणि वनशास्त्रज्ञ लेन वेब यांनीं विरोध केला. पाणबुड्यांनीं तळाशीं जाऊन तेथील जिवंत सृष्टीची साक्ष आणली, आणि अर्ज नामंजूर झाला. त्यानंतर खनिज तेलासाठीं होऊं घातलेल्या खोदाईविरुद्धही लोकमत जागृत झालें. १९७५ सालीं सागरी उद्यानाचा कायदा झाला, आणि १९८१ सालीं या प्रदेशाची जागतिक वारशांत गणना झाली.

परंतु लो आइल्सवरील ती जुनी नोंद पुढें भयंकर रीतीनें खरी ठरली. कोळसा व तेल जाळल्यानें पृथ्वी तापली, तसा समुद्रही तापला. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या सालीं पोवळीं मोठ्या प्रमाणांत पांढरीं पडलीं. बिऱ्हाडकरू निघून गेला कीं पारदर्शक देहांतून खालचा चुना दिसूं लागतो. पाणी लवकर निवळून थंड झालें तर प्रवाळ सावरतो. न झाल्यास उपासानें मरतो. २०१६ च्या एकाच उन्हाळ्यानंतर उथळ पाण्यांतील सुमारें ३० टक्के पोवळीं नष्ट झालीं. नद्यांतून येणारा गाळ आणि शेतांतील खतें यांची भर निराळीच.

१९६७ चें संकट अर्ज हातीं घेऊन आलें होतें, म्हणून तें नाकारतां आलें. सागराची उष्णता कोणाची परवानगी मागत नाहीं, आणि उद्यानाच्या सीमारेषेवर थांबतही नाहीं. तिचा उगम दूरच्या भट्ट्यांत आणि कारखान्यांत आहे; या तटबंदीचें रक्षणही तेथूनच सुरू व्हावें लागेल.