हिमकण, चाकू आणि खरवडलेली निगेटिव्ह

"कुठलेही दोन हिमकण सारखे नसतात" हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. ते जगभर पोचलं त्याचं बरंचसं श्रेय एका शेतकऱ्याला जातं. विल्सन बेंटली, जन्म १८६५, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं जेरिको गाव.

आई पूर्वी शिक्षिका होती. तिच्याकडून पंधराव्या वर्षी याला मायक्रोस्कोप मिळाला. पठ्ठ्या त्यातून हिमकण बघून चित्रं काढायला लागला, पण चित्र पुरं व्हायच्या आत कण वितळून जायचा! मग फोटोच काढायचं ठरलं. घरच्यांच्या मागे लागून त्याने कॅमेरा मिळवला, मायक्रोस्कोपला जोडला आणि खूप खटपटीनंतर १५ जानेवारी १८८५ ला पहिला नीट फोटो काढला. वय वर्षं एकोणीस.

त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. पडणारं हिम काळ्या ट्रेवर झेलायचं, चांगला कण काडीने अलगद काचेच्या स्लाइडवर ठेवायचा, पिसाने हलकेच दाबून सपाट करायचा. हे सगळं गोठवणाऱ्या शेडमध्ये, श्वास रोखून, कारण एक उच्छ्वास आणि खेळ खलास. प्रकाश खिडकीतून, कणाच्या मागून. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसमध्ये राहणारा भाग अगदी पातळ असतो, म्हणून अॅपर्चर बारीक, आणि म्हणून एक्सपोजर कित्येक सेकंदांचं. आजही मॅक्रो फोटो काढणारे याच गणिताशी झगडतात, फक्त आता दहा-वीस फोटो वेगवेगळ्या फोकसला काढून सॉफ्टवेअरने जोडता येतात.

पण मागून प्रकाश घेतला की पारदर्शक कण उजळ पार्श्वभूमीत हरवून जातो. यावर बेंटलीचा उपाय म्हणजे खिशातला चाकू. निगेटिव्हच्या कॉपीवर कणाच्या कडेकडेने काळा थर तो खरवडून काढायचा. निगेटिव्हचा तो भाग पारदर्शक झाला की प्रिंटमध्ये काळाभोर उमटतो, आणि त्यावर कण झळाळून उठतो.

इथेच वाद पेटला. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव हेलमान यांनी १८९३ साली हिमस्फटिकांवर पुस्तक काढलं होतं. त्यात रिचर्ड नॉयहाउस यांनी काढलेले फोटो होते, आणि त्यातले कण बरेचसे वाकडेतिकडे, तुटके. हेलमान यांचा आरोप असा, की खरवडताना बेंटली कणांची बाह्यरेषाच बदलतो. बेंटलीचं म्हणणं, मी फक्त पार्श्वभूमी काढतो.

मला विचाराल तर चाकू हा खरा मुद्दाच नव्हता. खरी काटछाट त्याच्या आधी, ट्रेवरच व्हायची. आभाळातून पडणारं बहुतेक हिम ओबडधोबड असतं. बेंटली त्यातून सुंदर, सहा पाकळ्यांचे कण वेचायचा. शिवाय सपाट कणच पूर्ण फोकसमध्ये येतात, म्हणजे निम्मी निवड लेन्सच करत होती. त्याच्या पाच हजारांवर फोटोंमधला एकेक कण खरा असेल, पण सगळे मिळून हिमाचं जे चित्र उभं राहतं ते खरं नाही. आपण डेटा म्हणतो तो गाळलेला असेल तर काय होतं, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको.

तरीही त्याला खोटारडा म्हणवत नाही. १९३१ साली त्याचं दोन हजारांहून जास्त फोटोंचं पुस्तक आलं आणि काही आठवड्यांतच, २३ डिसेंबरला, तो न्यूमोनियाने गेला. ते पुस्तक जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठातल्या उकिचिरो नाकाया यांनी पाहिलं. त्यांनी मात्र बेढब कणांचेही फोटो काढून वर्गवारी केली, १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखवला, आणि तापमान व आर्द्रता यांवर कणाचा आकार ठरतो हे सिद्ध केलं. सौंदर्याने ओढून आणलं, आणि उत्तर मात्र टाकून दिलेल्या कणांनाही मोजल्यावर मिळालं.

म्हणून एखादा अप्रतिम मॅक्रो फोटो दिसला, की "एडिट केलाय का?" यापेक्षा मला दुसराच प्रश्न जास्त कामाचा वाटतो. हा निवडताना बाजूला काय काय टाकलं?