हेलसिंकी ते टोकियो : नऊ तास की तेरा?

पृथ्वीगोल समोर घ्या. एक दोरा फिनलंडमधील हेलसिंकीवर टेकवा आणि ताणून जपानमधील टोकियोपर्यंत न्या. दोरा जवळजवळ सगळा रशियावरून, म्हणजे सायबेरियावरून जातो. दोन्ही शहरांच्या विमानतळांमधले हे सर्वांत कमी अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. जेट विमानाला त्यासाठी साडेनऊ-दहा तास पुरतात. मात्र इतिहासात हा प्रवास नेहमी इतक्या वेळात झालेला नाही, आणि त्याचे कारण फक्त यंत्रात शोधू नका.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला स्वतःच्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. परक्या विमानांना आपल्यावरून निव्वळ उडून जाऊ देण्याचा एक वेगळा करारही त्याच वेळी झाला. सोव्हिएत संघ त्यात कधीच सामील झाला नाही. परिणामी शीतयुद्धाच्या काळात युरोप आणि जपान यांच्यामध्ये एक प्रचंड बंद दार उभे राहिले. विमाने पश्चिम आशिया, भारत, आग्नेय आशिया असे मुक्काम करत जात. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाकडून अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियो गाठण्याची सेवा सुरू केली. तिला सुमारे ३२ तास लागत, तरीही तो मोठा लाभ होता! अँकरेजच्या विमानतळाचे महत्त्व पुढे तीनेक दशके टिकले ते या वळशामुळे.

१९८३ मध्ये फिनएअर या कंपनीने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली. फिनलंड तटस्थ होता, सोव्हिएत संघाचा शेजारी होता. तरी विमान सायबेरियावरून गेले नाही. जादा इंधनटाक्या बसवलेले डीसी-१० ध्रुवावरून आणि बेरिंग सामुद्रधुनीवरून वळसा घालून सुमारे १३ तासांत पोहोचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. वळसा कशासाठी घालायचा, याचे उत्तर वैमानिकांना वेगळे सांगावे लागले नसेल.

पुढे सोव्हिएत धोरण सैल झाले. संघ विसर्जित झाल्यावर रशिया शुल्क घेऊन वाट देऊ लागला आणि फिनएअरने युरोपातून आशियात जाण्याची जवळची वाट म्हणून हेलसिंकीची जाहिरात केली. छोट्या देशाने भूगोलावर उभारलेला हा धंदा होता. पण तो भूगोल शेजाऱ्याच्या मर्जीवर होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले. युरोपीय देशांनी आपले आकाश रशियन विमानांना बंद केले, रशियाने उलट तेच केले. मार्चमध्ये फिनएअरची टोकियोची विमाने पुन्हा ध्रुवावरून निघाली. विमान नवे, इंजिने कितीतरी काटकसरी, आणि वेळ पुन्हा सुमारे १३ तास. उडावे लागणारे अंतर १३ हजार किलोमीटरच्या जवळपास गेले. जादा इंधन तर लागतेच, शिवाय एक विमान दिवसभर अडकून राहते. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र मात्र मिळू लागले.