आजीचा चंद्र आणि नातीचे व्रत

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या काठी, कॅनडा व संयुक्त संस्थाने या दोन्ही देशांत, अनिशिनाबे नावाचे मूळचे लोक राहतात. आपल्याकडे चंद्र हा मुलांचा मामा. त्यांच्याकडे तो आजी! त्यांच्या भाषेत चंद्राला ‘रात्रीचा सूर्य’ असे नाव असून, पाण्यावर व स्त्रीच्या ऋतूवर या आजीचा अंमल चालतो अशी त्यांची श्रद्धा आहे. पाळीला ते ‘चंद्राचा काळ’ म्हणतात. चंद्रामुळे पाळी येते असे शास्त्राने सिद्ध केलेले नाही, हे खरे. पण आपल्या ‘मासिक’ या शब्दातही चंद्राचा मासच दडला आहे ना? कासवाच्या पाठीवरील तेरा मोठी खवले म्हणजे वर्षाचे तेरा चांद्रमास, हा त्यांच्या मुलांचा पहिला पाठ.

मुलीस प्रथम ऋतू प्राप्त झाला की तेरा चांद्रमास तिने स्ट्रॉबेरी आदी रानफळे वर्ज्य करावयाची. रानभर फळ पिकले आहे, भावंडे ओंजळी भरून खात आहेत, आणि हिने तेवढा हात आवरावयाचा! स्ट्रॉबेरीला ते ‘हृदयफळ’ म्हणतात. त्या वर्षात आजी व मावश्या तिला देहधर्म, संयम व मातृत्व समजावून सांगतात. वर्ष सरले की मेजवानी होऊन सर्वांसमक्ष तिला ते फळ भरवितात. पूर्वी पहिल्या ऋतूत मुलगी वेगळ्या झोपडीत राही. परंतु त्या दिवसांत तिच्या ठायी मोठी शक्ती असते, असे तिला सांगत.

ही परंपरा तुटली ती शाळांमुळे. शिक्षकाच्या लेखणीस हे लिहिणे जड जाते. कॅनडात 1920 च्या कायद्याने या मुलांना शाळा सक्तीची झाली. हजारो मुले घरापासून दूर वसतिगृहांत कोंडली गेली. मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. आजी गावी आणि नात वसतिगृहात, मग सांगणार कोण? 2008 साली पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत क्षमा मागितली. आता कित्येक गावांतून हे व्रत पुन्हा सुरू झाले आहे.

आपल्याकडेही न्हाण आलेल्या मुलीस मखरात बसवून ओटी भरीत. ती प्रथा बालविवाहाबरोबर गेली, त्याचे दुःख नाही. पण कौतुक गेले आणि ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसविणे तेवढे कित्येक घरांत राहिले. मी तरी काय केले? शास्त्राच्या पुस्तकातील तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून मी दरवर्षी ओलांडीत असे. त्या वेळी पुढच्या बाकांवरील मुली माना खाली घालून बसत.