पिकअपचा एक्सल बूट फाटला? फक्त बूट बदलायचा की पूर्ण एक्सल?

आमचं गाव चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. इथे मॉइलची मँगनीज खाण आणि आजूबाजूला धानाची शेतं. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. आमच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या पुढच्या चाकामागे ग्रीस उडालेलं दिसलं, तेव्हा "रोवणी उरकली की बघू" म्हणून मी टाळलं. नंतर वळताना कट-कट सुरू झालं आणि रबराच्या बुटावर भागणारं काम पूर्ण एक्सलवर गेलं.

एक्सल बूट म्हणजे काय?
चाक वळलेलं असतानाही त्याला एकसारखी ताकद देतो तो सीव्ही जॉइंट. त्यावरचं घड्यांचं रबरी आवरण म्हणजे बूट. तो ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवतो. चाकाकडचा बूट जास्त वाकतो, म्हणून बहुतेकदा तोच आधी फाटतो.

तुमच्या गाडीला आहे का?
फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या साध्या पिकअपमध्ये मागचा एक्सल बंद नळीत असतो, त्यामुळे हे बूट नसतात. फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये ते साधारणपणे पुढे असतात.

मोबाइलने तपासा
1. गाडी सपाट जागी उभी करा, स्टेअरिंग पूर्ण वळवा, इंजिन बंद करून हँडब्रेक लावा.
2. टॉर्च लावून चाकामागचा व्हिडिओ घ्या. गाडीखाली शिरू नका.
3. घड्यांमधल्या चिरा आणि रिमच्या आत उडालेलं ग्रीस झूम करून बघा.

काय बदलायचं?
- फक्त चिरा, ग्रीस आतच: लवकरात लवकर बूट बदला.
- नुकताच फाटला, आवाज नाही: जॉइंट खोलून, धुऊन तपासा. ठीक असेल तर नवा बूट, नवं ग्रीस, नव्या क्लिपा.
- वळताना कट-कट: जॉइंट झिजलाय. नव्या बुटाने आवाज जाणार नाही. जॉइंट किंवा पूर्ण एक्सल बदला.

टेप किंवा फेविक्विक टिकत नाही. चिरलेला, चिकटवायचा बूट मिळतो, पण तो तात्पुरताच. काम घरी करणार असाल तर फक्त जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवाच. एक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा.

मी आता दर महिन्याला दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवतो. जुन्या फोटोशी ताडून पाहिलं की नवी चीर लगेच कळते.